पाचही दिवसांचे आकडे पाठव

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

मनिलाहून घरी पोचल्याचं फोनवर सांगितलंच आहे. तरी कागद घेऊन बसलोय, कारण फोनवर बोलायला लागलं की तुझी आई शेजारी येऊन बसते. "जेवली का विचारा, केस गळायचे थांबले का विचारा" असं तिचं चालू होतं आणि मुद्द्याचं राहून जातं. पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतो. अक्षर लागत नाही म्हणू नकोस. पुढं तुझं अक्षर मेडिकलवाल्याला लागणार नाही, तेव्हा बोलू.

विगनच्या त्या रात्रीच्या भांडणाचं काही काढायचं नाही, असं ठरवूनच लिहायला घेतलंय. तू ड्यूट्या करून दमलेली, मी रात्रभराच्या बसनं अवघडलेला. दोघांचं डोकं जागेवर नव्हतं. झालं ते झालं. फक्त एक सांगतो. तू पाच दिवस दवाखान्यात, सलाईनवर, आणि घरी त्यातलं एक अक्षर नाही. मी आल्यावर कॅलेंडर बघितलं. त्या पाच दिवसांत आपलं दोनदा बोलणं झालं होतं. "कॅमेरा बिघडलाय अण्णा, नुसता आवाज येईल," म्हणालीस. मी दुसऱ्या दिवशी नव्या मोबाईलसाठी चौदा हजार पाठवले. तू ते परत पाठवलेस आणि आपोआप नीट झाला म्हणालीस. तेव्हा मी तुझ्या आईला म्हणालो होतो, पोरगी पैशाला किती जपते बघ.

बरं, राहू दे ते.

विगन मला फार आवडलं, हे तुला सांगायचं राहिलं. समुद्र सोडून चारशे किलोमीटर बसमध्ये बसून हे काय जुनी घरं बघायचं खूळ, असं तुला वाटलं असणार. कारण सांगतो. २०२२ च्या जुलैत, सत्तावीस तारखेला, सकाळी मी टीव्ही लावला आणि खाली पट्टी: उत्तर फिलिपिन्समध्ये ७ तीव्रतेचा भूकंप. आणि वर कुणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ, विटांचा जुना मनोरा, त्यातून विटा ढासळतायत, पोरं ओरडत पळतायत. तो विगनजवळच्या बांताईचा मनोरा. भूकंप झाला तेव्हा आपल्याकडं सव्वासहा, तुमच्याकडं पावणेनऊ. तू मनिलात, म्हणजे पुष्कळ लांब. अंतर वाढलं की हादरा कमी होत जातो हे मी बांधकाम खात्यात तीस वर्षं लोकांना सांगत आलो. त्या दिवशी ते मला स्वतःला सांगता येईना. तुझा फोन बंद. साडेनऊला तुझा मेसेज: "ठीके. क्लासला होते. थोडं हललं." तीन तासांत मी दूध दोनदा उतू घालवलं. तेव्हापासून तो मनोरा एकदा जाऊन बघायचा होता. कशाला, ते विचारू नकोस.

तर घरं. तू फोटो काढत होतीस म्हणून तेव्हा बोललो नाही, आता ऐक. स्पॅनिश सरदार हुआन दे साल्सेदोनं १५७२ मध्ये ते गाव वसवलं, पण आज जी घरं उभी आहेत ती बहुतेक पुढं नीळ, कापूस, तंबाखू यांच्या व्यापारात पैसा केलेल्या चिनी आणि तिथल्या मूळच्या इलोकानो लोकांच्या मिश्र घराण्यांची. खालचा मजला विटांचा, चुन्याचा गिलावा, भिंत अशी जाड की खिडकीत मांडी घालून बसावं. वरचा मजला मात्र बहुतेक लाकडाचा. आणि खाली पूर्वी माणसं राहतच नसत. खाली बग्गी, माल, पोती. माणसं वर, हलक्या मजल्यावर. वरचं ओझं लाकडी खांबांनी पेललेलं असतं, जाड भिंत हा नुसता अंगरखा. खिडक्यांना काच नाही, शिंपल्याचे चौकोनी तुकडे लाकडी जाळीत बसवलेत, ऊन आत येतं ते ताकासारखं होऊन येतं. गोव्यात जुन्या घरांना अशाच शिंपल्याच्या खिडक्या असतात. खात्याच्या सहलीला गेलो होतो तेव्हा मी त्यांच्यावर टिचक्या मारून बघितल्या होत्या. इथंही मारली. तू "अण्णा, हात लावू नका" म्हणालीस.

आता आपल्याकडचं बघ. दगड-मातीची भिंत, आणि तिच्या डोक्यावर माळवद. दीड-दोन फूट माती, दरवर्षी पावसाळ्याआधी अजून एक थर. उन्हाळ्यात घर गार राहतं खरं. पण झोपलेल्या माणसाच्या छातीवर आपण शेत टांगून ठेवत होतो. किल्लारीत मी हे बघितलंय. ज्या घरांत खण नीट होते, खांब-तुळया एकमेकांत धरून होत्या, तिथं भिंती बाहेर पडल्या आणि सांगाडा उभा राहिला. म्हणजे अक्कल आपल्याकडंही होतीच. सगळ्यांना लाकूड परवडत नव्हतं.

कॅथेड्रलचा घंटेचा मनोरा देवळापासून सुटा बांधलाय, वर कोंबडा बसवलेला, आठवतं? तू म्हणालीस, जागा पुरली नसेल. जागा पुष्कळ आहे. हलल्यावर एक पडलं तर दुसऱ्यावर पडू नये, म्हणून तसं सुटं ठेवतात. बांताईलाही तसंच, मनोरा चर्चला सोडून टेकडीवर. भूकंपाच्या मुलखात ते शहाणपणाचं आहे. आपल्या घरात मात्र आपण सगळ्यांनीच हे चालवलंय, ज्यानं त्यानं आपलं बाजूला पडावं.

बघ, पुन्हा तिथंच आलो.

तो घोडागाडीवाला मला आवडला. दगडी रस्त्यावर चाकांचा एवढा आवाज की तो बोलतोय ते तू ओरडून मराठीत सांगायचीस. त्यानं त्या दिएगो सिलांगची गोष्ट सांगितली, १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिला घेतल्याचं कळताच यानं इकडं विगनमध्ये स्पॅनिशांविरुद्ध बंड केलं, पुढच्या मे महिन्यात दगाफटक्यानं मारला गेला, आणि मग त्याच्या बायकोनं, गाब्रिएलानं, चार महिने लढा चालवला. तिला इथंच फासावर दिलं. इथपर्यंत मी इतिहास म्हणून ऐकत होतो. मग तू सांगितलंस की मनिला घ्यायला इंग्रज मद्रासहून आले होते, बरोबर आपल्याकडचे शिपाई, आणि त्यातले बरेच परतलेच नाहीत. मनिलाजवळ काइंता म्हणून गाव आहे, तिथं त्यांचे वंशज आहेत. तुझ्याबरोबर शिकणाऱ्या कुणाकुणाचे चेहरे अगदी आपल्याकडच्यासारखे दिसतात म्हणालीस. तू हसत सांगत होतीस. माझ्या डोक्यात एकच: त्यांच्या घरी, मद्रासेकडं, कुणी काही कळवलं असेल का? किती वर्षं वाट बघितली असेल एखाद्या म्हातारीनं?

तेवढ्यात तू माझं मनगट धरलंस. मला वाटलं धक्क्यानं पडेन म्हणून धरलंस. बघतो तर तुझी नजर घड्याळावर. ओठ हलतायत, मोजतेयस. लहानपणी आजीच्या, आपल्या बाईच्या, मांडीवर बसून हरभरे मोजायचीस तशी. "अण्णा, मघाशी मनोऱ्याच्या चढावर धाप लागली होती ना? छातीत दाटल्यासारखं होतं का?" मी म्हणालो, नवा बूट चावतोय. तू काही बोलली नाहीस, पण हात लगेच सोडलाही नाहीस. घोड्याच्या टापा वाजत होत्या आणि माझी लेक माझी नाडी बघत होती. चार दिवसांपूर्वी गिरणीवर दळण टाकायला गेलो तर तिथल्या चौघांना मी हे सांगून आलो. दळण न घेताच घरी आलो.

आता संध्याकाळचं. प्लाझा बुर्गोसच्या त्या टपऱ्या, केशरी रंगाची एंपानादा. तांदळाच्या पिठाची पारी, आत कच्च्या पपईचा कीस, वर अख्खं अंडं फोडून करंजीसारखी मुडपायची आणि कढईत सोडायची. माझ्यासाठी डुकराचं काही घालू नका म्हणून तू त्या टपरीवालीला तीनदा बजावलंस. उसाचा व्हिनेगर त्यावर ओतला की जे काही लागतं, आपल्या कैरीच्या सारासारखं, जिभेच्या कडांना. मी दुसरी मागवली. आणि तुझी मानांग, तिकडची तुझी ताईच म्हण, अगदी सहज, चांगल्या मनानं, म्हणाली, अंकल, ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला तेव्हा ही फार धीरानं राहिली, प्लेटलेट अडतीस हजारांवर आल्या तरी पुस्तक सोडलं नाही. तिला काय माहीत, आम्हाला माहीत नाही म्हणून.

मी त्या वेळी गप्प बसायला हवं होतं. निदान एंपानादा संपेपर्यंत.

काल्ये क्रिसोलोगोवर दिवे लागलेले, घोडे घरी गेलेले, लोक हातात हात घालून फिरतायत, आणि आपण बापलेक मधोमध उभं राहून मराठीत भांडतोय. बरं होतं, कुणाला कळत नव्हतं. मी काय काय बोललो ते मला आठवतंय. "एवढं शिकवलं ते यासाठी?" हे मी बोलायला नको होतं. शिकवण्याचा हिशोब मी कधी काढणार नाही असं मी बाईला वचन दिलं होतं. त्याची माफी मागतो. पण तू जे एकच वाक्य बोललीस, "आणि बाई? नऊ दिवस?" त्याला माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं. म्हणून मी पुढं चालायला लागलो. मला राग आला असं तुला वाटलं. राग नव्हता.

उत्तर आजही नीटसं नाही, पण एक जुनी गोष्ट सांगतो. पूर्ण तुला कधी सांगितलेली नाही.

१९९३. मी सव्वीस वर्षांचा, नोकरीला दोन वर्षं झालेली, औशाला खोली करून राहत होतो. बाई गावी, निलंग्याकडं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटपून रात्री उशिरा झोपलो, आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना खाटेसकट हललो. उजाडायच्या आत खात्याच्या जीपमधून किल्लारीकडं निघालो. पुढचं तुला थोडं माहीत आहे. मी काही फार शूर वगैरे नव्हतो. माती उपसायची, तुळई उचलायची, पुन्हा माती. वरून पाऊस. तीन दिवस. त्या तीन दिवसांत एकदाही माझ्या मनात आलं नाही, की रेडिओवर बातमी ऐकून बाईचं काय झालं असेल. खरंच आलं नाही. गावाकडं जाणाऱ्या कुठल्याही गाडीवाल्याकडं मी निरोप देऊ शकलो असतो, रोज चार गाड्या समोरून जात होत्या. तिसऱ्या रात्री गावी पोचलो तर बाई दारात बसलेली. जेवलेली नाही, कुणाशी बोललेली नाही. मला बघून उठली, जवळ आली आणि खाडकन एक थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाली, "आरं, जित्ता हायेस का न्हाई, तेवढं तरी कुणाच्या तोंडी सांगायचं व्हतंस." मग आत जाऊन पिठलं टाकलं.

म्हणजे मी तुला जे बोललो ते बाईनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, थोडक्यात. मी लांबण लावली.

दुसऱ्या दिवशी तू मानांगच्या गावी नेलंस ते फार बरं केलंस. मी सकाळी नाष्ट्यालाही तुझ्याशी बोललो नव्हतो. एक नोव्हेंबर, सगळा मुलूख आपापल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायला घरी आलेला. तिची अपोंग, म्हणजे आजी, माझ्यापेक्षा ताठ चालते. वांगं भाजून, सोलून, कांदा-टोमॅटोत परतून त्यात अंडं घातलेलं ते, पोकीपोकी की काय, बाईनं खाल्लं असतं तर म्हणाली असती भरीत नासवलं. आणि मग तिनं कोपऱ्यातल्या मेजावर ताट मांडलं. तू मला कानात सांगितलंस, "आतांग आहे अण्णा, गेलेल्यांसाठी." चिकट तांदळाचा गोड भात, उकडलेलं अंडं, पेल्यात उसाची दारू, तंबाखू. आणि शेवटी तिनं कमरेची पिशवी सोडून विड्याची पानं आणि सुपारी काढली, पान मांडीवर पुसलं, आणि ताटात ठेवलं.

मनू, मला त्या क्षणी बाईचा पानपुडा दिसला. पान असंच मांडीवर पुसायची ती. मी तुझ्याकडं बघितलं तर तू आधीच रडत होतीस.

त्या ताटातली तंबाखू अपोंगच्या आज्यासाठी होती ना? हवाईला ऊस तोडायला गेला तो. १९०६ पासून या इलोकानोंच्या बोटीच्या बोटी तिकडं गेल्या, हे तू सांगत होतीस. मला आपले कोयता घेऊन निघालेले ट्रॅक्टर आठवत होते. आपले लोक निदान पाडव्याच्या आसपास परत येतात. तो आला नाही. त्याची पत्रं यायची, मग थांबली, आणि घरच्यांनी त्याच्यासाठी ताट मांडायला सुरुवात कधी करायची यावरून भावाभावांत भांडण झालं, असं म्हातारी सांगत होती. बातमीच नाही, तर ताट कुठल्या तोंडानं मांडायचं? हे तू मला मराठीत सांगितलंस आणि मग दोघंही गप्प बसलो. आपलं भांडण तिथं मिटलं असं मी धरून चाललोय. तूही तसंच धरलं असशील तर बरं.

आता बाईचं. नऊ दिवस का सांगितलं नाही.

ती फेब्रुवारीत आजारी पडली तेव्हा तुझे पेपर दहा दिवसांवर होते. शेवटच्या दिवशी सकाळी दुधात भाकरी कुस्करून चार घास खाल्ली. मला म्हणाली, "मनीचे पेपर कवा हायेत?" मी तारीख सांगितली. "मग तिला काय सांगू नगा. लेकरू तिकडं एकटं हाय." संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी गेली. मी ते वाक्य धरून बसलो. घरात सगळ्यांना सांगितलं, बाईची इच्छा आहे. तुझी आई पहिल्या रात्रीच म्हणाली होती, चूक करताय. माझ्या लक्षात आलं ते कधी, तर एक नोव्हेंबरला, त्या आतांगच्या ताटापुढं. बाई आजारपणाबद्दल बोलत होती. ते मी मरणालाही लावलं. कारण मला तुझं रडणं फोनवर ऐकायचं नव्हतं, इथून काही करता येत नाही म्हणून. पेपर हे निमित्त. तू नऊ दिवस इकडं फोन करत होतीस आणि आम्ही "बाई झोपलीय" म्हणत होतो, हे आठवलं की मला माझीच लाज वाटते. माफ कर म्हणण्यासारखं नाही हे, पण म्हणतो.

आणि आता हे लिहून झाल्यावर जे लिहिलं नाही तर वरचं सगळं फाडून टाकावं लागेल, ते सांगतो. बूट चावत नव्हता. सप्टेंबरपासून चढ चढला की दाटतं. मनिलाला येण्याआधी इथं ट्रेडमिलवर पळवून बघितलं होतं, तो रिपोर्ट चांगला नाही आला. डॉक्टर म्हणाले प्रवास पुढं ढकला. मी म्हणालो आल्यावर बघू. तुझ्या आईला मी "सगळं ठीक" एवढंच सांगितलं होतं. तिलाही काल रात्री सांगितलं. बोलली नाही माझ्याशी, पण गोळ्यांचा डबा आणलाय, वारांची नावं असलेला. येत्या गुरुवारी सोलापूरला अँजिओग्राफी आहे. तू म्हणशील, एवढं असताना टेकडी कशाला चढलात. मनोरा बघायचा होता.

तू मनगट धरलंस तेव्हाच तुला कळलं होतं, हे मला कळलं होतं. तरी दोघंही बुटाबद्दल बोललो.

घाबरू नकोस. म्हणजे घाबर, पण अभ्यास सोडून येऊ नकोस. बघ, पुन्हा मीच ठरवतोय. तू ठरव. तिकिटाचे पैसे हवे असतील तर सांग, ते चौदा हजार तसेच बाजूला ठेवलेत.

माझं काम एवढंच आहे. डेंग्यूच्या वेळचे तुझे प्लेटलेटचे आकडे पाठव. रोजचे, पाचही दिवसांचे. फोटो काढून पाठवलास तरी चालेल. मला त्यातलं काय कळणार म्हणू नकोस. चढ-उतार कळतो मला, आलेख काढत आयुष्य गेलंय. अडतीस हजारांच्या दिवशी उशाशी कोण होतं, तेही लिही. मानांग होती असं वाटतं. तिला बाईच्या हातची ती शेवटची गोधडी देऊन टाक, मी आईला सांगतो काय सांगायचं ते. नाही, खरंच सांगतो.

गुरुवारी संध्याकाळी माझा रिपोर्ट तुझ्या नंबरवर येईल. छोटू पाठवेल, त्याला बजावलंय. वाचून मला फोन कर. जे असेल ते मला आधी सांग, मग आईला.

तुझे,
अण्णा

ता. क. १ : ती काळपट मातीची बर्णी लातूरपर्यंत धड आली आणि आपल्या पायरीवर टेकवताना कानाला टवका गेला. रेड्याच्या पायांखाली तुडवलेल्या मातीची आहे, एवढ्यानं काही होत नाही. आईनं त्यात खडे मीठ भरलंय. तिला मी बासीचा, त्या उसाच्या दारूचा, घोट घेतल्याचंही सांगून टाकलं, तू आता लपवायला जाऊ नकोस. "दारू आणि नाव बासी? शिळी होती का?" म्हणाली.

ता. क. २ : निघताना अपोंगनं माझं नाव विचारून घेतलं होतं, आणि गाडी सुरू झाल्यावर फाटकातून मोठ्यानं ओरडली, "उमायकान दत्ता, दिका अगबतबती!" मला वाटलं काहीतरी विसरलो. तू म्हणालीस, चल ये, मागं राहू नकोस, असं ती माझ्या जिवाला सांगतेय, नाहीतर माणूस जातो आणि जीव तिथंच रेंगाळतो. तुझं नाव तिनं घेतलं का? मला ऐकू आलं नाही. घेतलं नसेल तर पुढच्या खेपेला घ्यायला सांग.